रिकाम्या मिनिटांचा हिशेब

‘तू दिवसाला किती तास काम करतोस?’ असे एखाद्या नोकरदार माणसाला विचारले, तर तो बहुधा न अडखळता ‘आठ तास’ असे उत्तर देतो. हे उत्तर खोटे नसते. पण ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही नसते. आठ तास तो कामावर असतो. कामावर असणे आणि काम करणे या दोन गोष्टी आपल्या भाषेनेही वेगळ्या ठेवल्या आहेत. हजेरीपटावर सही केल्यापासून टेबल आवरेपर्यंतचा एखादा दिवस, कोणाला दाखवायचा नाही या बोलीवर, मिनिटामिनिटाने कागदावर उतरवून पाहावा. खुर्ची पुसणे, गाडी आज का उशिरा आली याची चर्चा, चहा, हवी ती फाईल न सापडणे, ती सापडल्यावर सही करणारे साहेब बैठकीला गेलेले असणे, डबा, डब्यानंतरची शतपावली, संगणक मध्येच बंद पडणे, पुन्हा चहा, आणि चार वाजल्यानंतर घड्याळाकडे वारंवार वळणारी नजर. ही सारी वजाबाकी केल्यावर जे उरते ते पाहून प्रामाणिक माणूस ओशाळतो आणि बेरकी माणूस हसतो. विचार मात्र दोघेही करीत नाहीत.

वास्तविक हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आपण पगार घेतो तो कशाचा? वेळेचा, की कामाचा? वेळेचा असेल, तर खुर्चीत बसून राहिलेल्या माणसाने आपला करार पाळला, असे म्हणावे लागेल. कामाचा असेल, तर आठ तासांचे काम चार तासांत उरकणाऱ्याला उरलेले चार तास डांबून ठेवण्याचा मालकाला काय अधिकार? कॅथलिक चर्चच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात चोरीच्या आज्ञेचे विवरण करताना वाईट रीतीने केलेले कामही त्या आज्ञेच्या भंगात मोडते, असे म्हटले आहे. पण किती मिनिटे रिकामी गेली म्हणजे काम वाईट झाले, हे तेथे सांगितलेले नाही, आणि ते सांगता येण्यासारखेही नाही. पापनिवेदनात ‘मी कार्यालयात वेळ दवडला’ असे सांगणारा माणूस धर्मगुरूंना क्वचितच भेटत असावा. पण या बाबतीत आपण सारेच निष्पाप आहोत, हे काही त्याचे कारण नव्हे.

रिकाम्या वेळेवर सर्वांत कठोर पाळत ज्याने ठेवली, त्याच्याच वहीत या प्रश्नाचे पहिले उत्तर सापडते. फ्रेडरिक टेलर हा अमेरिकन अभियंता हातात सेकंदाचे घड्याळ घेऊन कामगारांच्या हालचाली मोजत असे. कामगार मुद्दाम हात आखडता घेतात, ही त्याची ठाम समजूत होती. १८९९ च्या सुमारास बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात त्याने कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाघिणीत भरणाऱ्या मजुरांवर आपला प्रयोग केला. एकेक लादी ९२ पौंडांची, म्हणजे सुमारे ४२ किलोची. मजूर दिवसाला साडेबारा टन माल भरत होते. टेलरच्या हुकुमाबरहुकूम काम करणाऱ्या मजुराने साडेसत्तेचाळीस टन भरला, असे त्याने १९११ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. या हकिकतीतील काही तपशिलांवर पुढील संशोधकांनी शंका घेतल्या आहेत. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्याच ग्रंथातील दुसरा आकडा. एवढे ओझे उचलणारा उत्तम मजूर दिवसाच्या फक्त ४३ टक्के वेळ ओझ्याखाली राहू शकतो, बाकी ५७ टक्के वेळ त्याचे हात मोकळेच असले पाहिजेत, असे टेलरला आढळले. लादी निम्म्या वजनाची असेल, तर ओझ्याखालचा वेळ ५८ टक्क्यांपर्यंत वाढतो. म्हणजे आळस पकडण्यासाठी घड्याळ घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाती शेवटी विश्रांतीचा नियम लागला. त्याने त्या मजुराला ‘आता उचल’ म्हणून जसा हुकूम सोडला, तसाच ‘आता बस’ म्हणूनही सोडला. बसणे हा कामाचाच भाग ठरला.

हे सत्य शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आमच्या वसईच्या वाडीत केळीला पाणी सोडल्यावर ते शेवटच्या आळ्यापर्यंत पोचेतो शेतकरी बांधावर बसून राहतो. त्या अर्ध्या तासात तो काम करतो आहे की नाही, हा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही, कारण त्याचे काम घड्याळाने नव्हे, पाण्याने मोजले जाते. पाणी पोचले की काम झाले. ई. पी. थॉम्प्सन या इंग्रज इतिहासकाराने १९६७ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात हाच भेद मांडला आहे. कारखानदारीपूर्वीचा माणूस कामाच्या मापाने जगत होता. कारखान्याने त्याला वेळेच्या मापाने जगायला शिकवले. वेळ विकत घेणारा मालक आला, तेव्हाच ‘वेळ वाया गेला’ ही तक्रारही जन्माला आली. त्यापूर्वी वेळ जात असे. ‘वाया’ जाण्यासाठी तो कोणाच्या तरी मालकीचा असावा लागतो.

या तक्रारीचा आपल्याकडचा इतिहास मुंबईच्या गिरण्यांत घडला, आणि तो थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून सरकारकडे ज्या मागण्या केल्या, त्या आज वाचताना आश्चर्य वाटते. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. दिवसभराच्या कामात अर्ध्या तासाची विश्रांतीही मागून घ्यावी लागत होती, याचा अर्थ ती तेव्हा हक्काने मिळत नव्हती. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी १० जून १८९० रोजी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास यांवर शिक्कामोर्तब केले. पण प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांना त्याने हात लावला नाही.

सूर्य मावळला की गिरणी थांबे, एवढाच काय तो निसर्गाचा कायदा उरला होता. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि तोही रद्द झाला. तेजीचा काळ होता. कामाचा दिवस १४ तासांवर आणि काही ठिकाणी त्याहूनही पुढे गेला. यावर ओरड झाली, तेव्हा मालकांच्या बाजूने जो युक्तिवाद पुढे आला तो असा: कामगार १४ तास गिरणीत असतो खरा, पण तो १४ तास काम कुठे करतो? तो आवारात भटकतो, विडी ओढतो, न्हातो, जेवण आले की साचा शेजाऱ्यावर सोपवून निघून जातो. त्याचे खरे काम याहून कितीतरी कमी. १९०८ च्या कारखाना कामगार आयोगानेही जवळजवळ हाच सूर लावला. हिंदी कामगार आपले काम लांबलचक दिवसभर पसरून सावकाशीने करतो, मन होईल तेव्हा विसावा घेतो, असे निरीक्षण बहुमताने नोंदवून प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालू नये, असे आयोगाने सुचवले. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर हे आयोगाचे एक सभासद होते. त्यांनी भिन्न मतपत्रिका जोडली आणि अशी मर्यादा घातलीच पाहिजे, असे म्हटले. अखेर १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा आली. १९२२ साली आठवड्याला ६० तास, १९३४ साली ५४ आणि १९४६ साली ४८ तास, असा तो आकडा उतरत गेला.

मालकांचे निरीक्षण चुकीचे होते, असे मला वाटत नाही. कामगार खरोखरच साच्यापासून दूर जात असतील. पण त्यांनी कार्य आणि कारण यांची अदलाबदल केली होती. तो रेंगाळतो म्हणून १४ तासांचा दिवस त्याला जड जात नाही, असे ते म्हणत. १४ तासांचा दिवस आहे म्हणून तो रेंगाळतो, असे म्हणणे अधिक खरे ठरले असते. ज्या शरीराला कायदा विश्रांती देत नाही, ते शरीर ती आपली आपण घेते. टेलरच्या मजुराला ‘बस’ म्हणून सांगायला माणूस होता. मुंबईच्या गिरणीत मुकादम होता. पण तो बस म्हणून सांगण्यासाठी नव्हता. तेव्हा नळापाशी उभे राहून ओढलेल्या त्या विडीला चोरी म्हणणे मला तरी शक्य होत नाही. ती मिनिटे मालकाच्या वहीत ‘वाया’ म्हणून लिहिली गेली. ती ज्याच्या आयुष्यातून गेली होती, त्याची स्वतःची वही कुठेच नव्हती.

जर्मनीतील येना येथे झाइस यांच्या भिंगांच्या कारखान्याचे सूत्रधार एर्न्स्ट आबे यांनी मात्र ही वही पाहिली होती. त्यांचे वडील सूतगिरणीत काम करीत. दिवसाचे १४ ते १६ तास. मधली सुट्टी नसे. लहानगा एर्न्स्ट वडिलांचे जेवण घेऊन गिरणीत जाई आणि वडील यंत्राला टेकून उभ्याउभ्याच जेवत, ही आठवण त्यांनी पुढे स्वतः सांगितली आहे. मोठेपणी कारखाना हाती आल्यावर १९०० साली त्यांनी कामाचा दिवस ९ तासांवरून ८ तासांवर आणला आणि कामगारांच्या कामाचे आकडे काळजीपूर्वक तपासले. एक तास कमी झाला, तरी दिवसाचे एकूण काम घटले नाही. उलट किंचित वाढले. नवव्या तासात कामगार कारखान्यात होते. पण त्या तासाचे काम आधीच्या आठ तासांत सहज मावण्यासारखे होते. शंभराहून अधिक वर्षांनी आइसलंडमध्ये २०१५ ते २०१९ या काळात ४० तासांचा आठवडा ३५-३६ तासांवर आणून पाहिला, तेव्हाही कामात विशेष घट दिसली नाही. आपल्याकडे मात्र २०२३ साली एका ख्यातनाम उद्योगपतींनी तरुणांना आठवड्याला ७० तासांचा आणि २०२५ साली दुसऱ्या एका उद्योगप्रमुखांनी ९० तासांचा सल्ला दिला. वादही त्या आकड्यांवरच झाला. त्या ९० तासांतला नव्वदावा तास कसा असतो, याविषयी कोणी काही बोलले नाही.

१८९१ साली, म्हणजे लोखंड्यांच्या रविवारनंतर अवघ्या वर्षभरात, पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे विश्वपत्र निघाले. मजुरांच्या हक्कांचा जाहीरनामा म्हणून ते गाजले; पण त्याची दुसरी बाजू आपण सोयीने विसरतो. कामगाराने मोकळेपणी आणि न्यायाने ठरलेले काम पूर्णपणे आणि इमानाने करावे, हेही त्यात तितक्याच स्पष्टपणे सांगितले आहे. आणि त्याच पत्रात, विश्रांती ही शक्तीच्या झिजेच्या प्रमाणात असावी, खाणीत राबणाऱ्याचे तास कमी असावेत, ऋतूचाही विचार व्हावा, असे म्हटले आहे. टेलरने पुढे घड्याळ लावून जे मोजले, ते लिओ यांनी न्यायाच्या भाषेत आधीच मांडले होते. इमानाने काम करणे म्हणजे अखंड काम करणे नव्हे, हे या दोन विधानांच्या शेजारपणातूनच दिसून येते.

येथवर वाचून एखादा कामचुकार वाचक खूश झाला असेल, तर त्याने थोडे थांबावे. गिरणी कामगाराला जी सवलत मिळाली ती आपणालाही मिळाली, असे समजणे फार सोपे आहे. ‘ते पगार देण्याचे नाटक करतात, आम्ही काम करण्याचे नाटक करतो’ अशा अर्थाचा विनोद सर्वच देशांच्या कार्यालयांत सांगितला जातो. विनोद म्हणून तो चांगला आहे. नीतीचा नियम म्हणून तो तपासून घ्यावा लागेल. आणि तो एकदा तपासलाही गेला आहे.

सतराव्या शतकातील काही सैल विचारांच्या नीतिशास्त्रज्ञांनी ‘गुप्त भरपाई’चा एक सिद्धांत मांडला होता. आपल्या कष्टांच्या मानाने मालक कमी वेतन देतो असे नोकराला वाटले, तर तो फरक मालकाच्या चीजवस्तूंतून गुपचूप वसूल करणे हे पाप नव्हे, असा त्याचा मथितार्थ. १६४७ साली पॅरिसमधील क्लेरमाँ येथील येशूसंघीयांच्या विद्यालयात जां दाल्बा नावाच्या नोकराने कथलाची काही ताटे लांबवली. पकडला गेल्यावर त्याने येशूसंघीय धर्मगुरू बोनी यांच्याच पुस्तकाचा हवाला दिला: माझा पगार कमी आहे, आणि अशा वेळी घ्यायला हरकत नाही असे तुमच्याच पंडितांनी लिहिले आहे! पास्कालने आपल्या पत्रांत ही गोष्ट इतक्या मिश्कीलपणे सांगितली आहे की त्या नोकराविषयी वाचकाला थोडी सहानुभूतीच वाटू लागते. १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी ६५ शिथिल मतांचा निषेध केला, त्यांत नोकराच्या गुप्त भरपाईचे हे मतही होते. पुढील नीतिकारांनी फट ठेवली ती फार अरुंद: येणे निर्विवाद असले पाहिजे आणि ते मिळवण्याचा दुसरा कोणताही मार्ग उपलब्ध नसला पाहिजे.

ताटांच्या जागी मिनिटे ठेवून पाहिली की हा जुना वाद एकदम ताजा होतो. कमी पगार म्हणून कमी काम करणारा माणूस वेळेच्या रूपाने गुप्त भरपाईच घेत असतो. येथे दोन गोष्टी बिघडतात. एक तर स्वतःच्या खटल्यात तो स्वतःच न्यायाधीश होतो. आणि आपल्या श्रमांचे मोल कमी लावणारा माणूस अद्याप जन्माला यायचा आहे. दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. ताटे ज्याची होती त्याचीच गेली. मिनिटे मात्र बहुधा ज्याच्याशी भांडण आहे त्याची जातच नाहीत. तुटपुंज्या मानधनावर नेमलेला शिक्षणसेवक वर्गात वेळ काढू लागला, तर सरकारचे काहीही बिघडत नाही. ती भरपाई तिसरीतल्या एखाद्या मुलाकडून वसूल होते, आणि त्या मुलाने कोणाचेच वेतन बुडवलेले नसते.

मला वाटते, कामाच्या वेळेच्या साऱ्या चर्चेत हा तिसरा माणूसच हरवलेला आहे. मालक आणि नोकर यांच्यातील करार म्हणून आपण या प्रश्नाकडे पाहतो, आणि मग हिशेब दोघांचाच होतो. पण खिडकीपलीकडे कोणीतरी उभे असते. निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी आलेली विधवा, सात-बाऱ्याच्या उताऱ्यासाठी दिवसाचा खाडा करून तालुक्याला आलेला शेतकरी, दवाखान्याच्या बाकड्यावर आजारी मूल मांडीवर घेऊन बसलेली आई. खिडकीमागचा कारकून दिवसाला पाच तास काम करतो की सात, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. रांग नसताना तो अर्धा तास वर्तमानपत्र वाचत बसला, तर त्याने कोणाचे काय नेले? आणि रांग असताना दहा मिनिटे गप्पा मारीत राहिला, तर ती दहा मिनिटे त्याची एकट्याची राहत नाहीत. रांगेत वीस माणसे असतील तर दहा मिनिटांची दोनशे होतात. पहिला अर्धा तास हजेरीच्या हिशेबात मोठा आहे, नीतीच्या हिशेबात ही दहा मिनिटे मोठी आहेत.

आपल्या राज्याच्या एका कायद्याने नकळत हेच माप स्वीकारले आहे. कर्मचाऱ्यांनी वेळ पाळावी म्हणून आपण नाना उपाय केले. मस्टर झाले, उशिराच्या लाल शेऱ्याचे भय झाले, पुढे अंगठ्याची यंत्रे आली. राज्य सरकारी कार्यालयांना फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा मिळाला, तेव्हा रोजची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी वाढवून देण्यात आली. हे सारे हजेरीचे माप. अंगठा उमटला की माणूस आला, एवढेच यंत्राला कळते. याउलट २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने कर्मचारी किती तास बसला हे विचारलेच नाही. अमुक दाखला अर्ज आल्यापासून अमुक दिवसांत मिळाला पाहिजे, पुरेशा कारणावाचून उशीर झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड, असे त्याने ठरवले. म्हणजे घड्याळ खिडकीच्या आतल्या भिंतीवरून काढून बाहेरच्या भिंतीवर लावले. त्या कायद्याची अंमलबजावणी कशी होते हा निराळा आणि बराचसा खेदजनक विषय आहे. पण घड्याळाची जागा त्याने बरोबर निवडली.

काही कामे तर अशी आहेत की त्यांत रिकामपण हेच काम असते. अग्निशमन केंद्रातले जवान पत्ते खेळत बसलेले दिसले, तर ते फुकटचा पगार खातात असे कोणी म्हणत नाही. ते दिवसभर खरोखरच कामात असते, तर शहराची काय अवस्था झाली असती! रेल्वेच्या फाटकावरचा माणूस, रात्रपाळीची परिचारिका, दीपगृहाचा रखवालदार यांना वेतन मिळते ते हाक येईल तेव्हा जागे असण्याचे. त्यांच्याकडून हालचालीची नव्हे, लक्षाची अपेक्षा असते. परिचारिका पहाटे तीन वाजता खुर्चीत बसून जपमाळ ओढत असेल आणि खाटेवरच्या रुग्णाच्या श्वासात फरक पडताच उठत असेल, तर तिच्या त्या बसण्याला रिकामे म्हणणारा माणूस कधी आजारी पडलेला नसावा.

उलट सतत हालचालीत असलेली काही माणसे काहीच करीत नसतात. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली एका इंग्रजी साप्ताहिकात, जेवढा वेळ उपलब्ध असेल तेवढे काम फुगत जाते, हा आपला नियम थट्टेच्या सुरात मांडला. पण त्याला आधार दिला तो आकड्यांचा. १९१४ ते १९२८ या काळात ब्रिटिश आरमाराची मोठी जहाजे ६२ वरून २० वर आली, आणि आरमाराच्या मुख्य कार्यालयातील अधिकारी २,००० वरून ३,५६९ वर गेले. हे अधिकारी आळशी होते, असे पार्किन्सन म्हणत नाहीत. ते सारे संध्याकाळी थकूनच घरी जात असतील. एकमेकांची टिपणे वाचून, त्यांवर शेरे मारून. आजच्या कार्यालयांतही असे थकणे पुष्कळ आहे. ज्याचे काम दुपारी दोनला संपले तो माणूस सहापर्यंत पडद्यासमोर बोटे हलवत बसतो, कारण रिकामा दिसणे धोक्याचे असते. खुर्चीला कोट अडकवून नाहीसे होण्याची जुन्या साहेबांची युक्ती यापेक्षा प्रामाणिक म्हणावी लागेल. कोट निदान काम करण्याचा आव आणीत नसे. दोनला काम संपवणाऱ्याने काय करावे? त्याने उरलेला वेळ मालकाला देणे लागतो असे मी म्हणणार नाही, पण त्याच्या शेजारच्या टेबलावर ढीग पडलेला असेल आणि खिडकीपुढे रांग असेल, तर त्याचे काम दोनला संपलेलेच नाही. ढीग नसेल, रांग नसेल, तर त्याला घरी जाऊ द्यावे. त्याला बसवून ठेवणारा मालक त्याच्याकडून काम घेत नसतो, रोज चार तासांचे एक असत्य घेत असतो.

आजवर आपण ज्या रिकाम्या मिनिटांविषयी बोललो त्यांचे पैसे कोणीतरी देत होते. ती मिनिटे मालकाच्या खात्यावर पडत होती, म्हणून तर मालक कुरकुरत होता. गेल्या काही वर्षांत या कुरकुरीवर रामबाण उपाय निघाला आहे. दुचाकीवरून घरोघरी जेवण पोचवणारी तरुण मुले आपण रोज पाहतो. त्यांना बहुतांशी मोबदला मिळतो तो पोचवलेल्या प्रत्येक मागणीचा. हॉटेलच्या दाराशी पदार्थ तयार होईपर्यंत काढलेली वीस मिनिटे, पुढची मागणी येईपर्यंत पुलाखाली पावसात उभे राहिलेला पाऊण तास, हे सारे त्यांच्या स्वतःच्या खात्यावर. टेलरने ५७ टक्के विश्रांतीसुद्धा मजुरीत धरली होती, १९०५ च्या गिरणीमालकाला नळापाशी उभ्या असलेल्या कामगाराचीही मजुरी मोजावी लागत होती. येथे मात्र मोबदला ओझ्याखालच्या मिनिटांचाच. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांना आपल्या कायद्याच्या भाषेत प्रथमच नाव दिले. त्यांच्या थांबण्याला मोल मात्र दिले नाही.

घरातील स्त्रीच्या बाबतीत हे जुनेच आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. कार्यालयात किती वेळ वाया गेला याची चिंता करणाऱ्या गृहस्थाने घरी परतल्यावर या दोन आकड्यांतील वजाबाकीही करून पाहावी.

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आपण दरवर्षी मिस्सामध्ये ऐकतो. आपल्या मनात राहतो तो त्याचा शेवट, म्हणजे सर्वांना मिळालेला सारखाच दिनार आणि दिवसभर उन्हात राबलेल्यांची कुरकुर. त्यांचे गणित चुकीचे नव्हते, तासांचा हिशेब त्यांनी बरोबरच केला होता. पण दाखल्याच्या मध्यावरचा एक छोटासा संवाद आपण घाईने ओलांडतो. दिवस मावळायला तासभर उरला असताना धनी पुन्हा नाक्यावर येतो, उभ्या असलेल्या माणसांना, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे आहात, असे विचारतो. आणि आम्हाला कोणी कामावर लावले नाही, एवढेच ते सांगतात. धनी त्या उत्तराची शहानिशा करीत नाही, मुकादमाला बोलावून त्यांची वागणूक विचारीत नाही. ते खरे मानून तो त्यांना मळ्यात पाठवतो आणि संध्याकाळी त्या उभे राहण्यासकट त्यांचा दिवस पुरा धरतो.

हा अव्यवहार्य धर्मोपदेश आहे असे कोणाला वाटेल. पण आपल्या कायद्यानेही एकदा या दिशेने निम्मी वाट चालून दाखवली होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात १९५३ साली जी तरतूद घातली गेली, तिच्यानुसार ठरावीक आकाराच्या कारखान्यातील पटावरचा कामगार पाळीच्या वेळी दाराशी हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम दिले गेले नाही, तर त्याला त्या दिवसापुरता कामबंद धरून निम्मे वेतन द्यावे लागे. हात रिकामे राहिले, पण माणूस आला होता, एवढे कायद्याने मानले. त्यासाठी कामगाराचे नाव पटावर असावे लागे आणि हजर होण्यासाठी दार असावे लागे. नालासोपाऱ्याच्या किंवा वसईच्या मजूर नाक्यावर सकाळी सातपासून थापी आणि ओळंबा घेऊन उभ्या असलेल्या माणसांचे नाव कोणत्याच पटावर नसते. दहा-अकरा वाजेपर्यंत ठेकेदारांचे टेम्पो येऊन जातात. मग उरलेली माणसे हत्यारे पिशवीत भरून घरी परततात. टपालाची पाकिटे आणि जेवणाचे डबे वाहणाऱ्या मुलाला तर असा नाकाही नाही. त्याच्या हातातला फोन हेच त्याचे दार, आणि तो तेथे दिवसभर हजर असतो.